पडद्याच्या तळाची ओळ

गेल्या हिवाळ्यात ब्रसेल्समधल्या आम्ही काही मराठी घरांनी मिळून एक छोटं सभागृह भाड्याने घेतलं आणि ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. बाहेर चार वाजताच अंधारलेलं, आत चहा, चिवडा आणि पन्नासेक माणसं. १९८८ सालचा हा चित्रपट आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. आमच्या मुलांना मात्र तो नवा होता. प्रतीवर इंग्रजी सबटायटल्स होती.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की सभागृहात हशा एकदम पिकत नाहीये. पुढच्या रांगेतली मुलं आमच्या आधी हसत होती. अशोक सराफांचं वाक्य अजून अर्ध्यावर असायचं, पण खालची ओळ पूर्ण उमटलेली असायची. मुलं ती वाचून मोकळी व्हायची. मग सत्तर रुपये ‘वारले’ तो प्रसंग आला. मोठी माणसं खुर्चीवरून पडायची तेवढी बाकी राहिली आणि मुलं मात्र शांत. माणसाच्या मरणासाठी राखलेलं आदराचं क्रियापद रुपयांना लावण्यात सगळी गंमत. इंग्रजी ओळीत ते सत्तर रुपये नुसतेच ‘गेले’ होते.

घरी परतताना ट्राममध्ये मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला विचारलं, “तुला मराठी कळतं ना? मग खालचं इंग्रजी कशाला वाचत होतास?” त्याची पहिली शाळा इंग्लंडात झाली, त्यामुळे इंग्रजी वाचन सराईत आहे. मराठी बोलतो, समजतो. वाचायला अजून येत नाही. तो म्हणाला, “मी वाचत नव्हतो. ते आपोआप वाचलं जात होतं.”

आता गंमत अशी की मी पोटापाण्यासाठी हाच विषय करते. पीएचडी झाली ती दृकश्राव्य अनुवादात, म्हणजे डबिंग आणि सबटायटल्सच्या अभ्यासात, आणि सध्याचं पोस्टडॉकचं कामही त्यातलंच. तरीही त्या एका वाक्याने मला माझाच विषय नव्याने बघायला लावला. पडद्याच्या तळाची ही ओळ कुणासाठी लिहिली जाते? कोण ठरवतं की प्रेक्षकाने मूळ आवाज ऐकायचा, परका आवाज ऐकायचा की अक्षरं वाचायची? हा सारा आवडीनिवडीचा मामला आहे असं आपण समजतो. इतिहास वेगळं सांगतो. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे.

सुरुवात आपल्याच गिरगावातून करू. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. चित्रपट मुका होता, पण निःशब्द नव्हता. दृश्यांच्या मधेमधे पाट्या यायच्या, आणि त्या इंग्रजीत होत्या तशा हिंदीतही होत्या. म्हणजे आपल्याकडचा चित्रपट जन्मापासूनच दुभाषी. पुढे मूकपटांच्या काळात एकाच पाटीवर तीन-चार लिप्या दाटीवाटीने बसवलेल्या असत. मुंबईचं प्रेक्षागृह म्हटलं की गुजराती, मराठी, उर्दू वाचणारे सगळेच शेजारीशेजारी बसलेले.

पण त्या काळी वाचता येणारे होते तरी किती? मग एक साधी सोय निघाली. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचून दाखवी. काही ठिकाणी थिएटरवाले त्यासाठी खास माणूस ठेवत. जपानमध्ये तर अशा माणसाला ‘बेन्शी’ म्हणत, तो पडद्याशेजारी उभा राहून अख्खी गोष्ट सांगे, आणि लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव वाचून तिकीट काढत. बोलपट आले तसा हा धंदा बसला. अकिरा कुरोसावांचा थोरला भाऊ बेन्शी होता. त्याने १९३३ साली आत्महत्या केली.

कीर्तन, पोवाडा, चित्रकथी यांवर वाढलेल्या आपल्या लोकांना चित्र दाखवत गोष्ट सांगणारा माणूस काही नवा नव्हता. मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पडद्यावरच्या मजकुराचा पहिला अनुवादक हा माणसाचा आवाज होता. तो अक्षरशत्रू माणसालाही सामावून घेत होता.

मूकपटाला परदेशी जाणं सोपं होतं. पाटी कापायची, त्या जागी दुसऱ्या भाषेतली पाटी जोडायची, संपलं. १९२७ साली ‘द जाझ सिंगर’ आला आणि ही सोय मोडली. नट बोलू लागले, आणि ज्या भाषेत बोलले तिच्याबाहेरच्या माणसासाठी दार बंद झालं. हॉलिवूडच्या कंपन्यांची कमाई तर साऱ्या जगातून येत होती. घबराट उडाली.

त्या घबराटीतून एक अफाट उपाय निघाला. तोच चित्रपट पुन्हा काढायचा, प्रत्येक भाषेत! १९३० च्या सुमारास पॅरामाउंट कंपनीने पॅरिसजवळ झ्वाँव्हिल इथे स्टुडिओ चालवला. सेट एक, कथा एक. एका भाषेतले नट उठले की दुसऱ्या भाषेतले येऊन उभे राहत. अशा डझनभर भाषांत तिथे चित्रपट निघाले. अमेरिकेत युनिव्हर्सलने १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ दिवसा इंग्रजीत काढला आणि रात्री त्याच सेटवर दुसरा दिग्दर्शक, दुसरे नट घेऊन स्पॅनिशमध्ये काढला. लॉरेल आणि हार्डी तर स्वतःच स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन संवाद उच्चारांबरहुकूम घोकून म्हणत. दोन-तीन वर्षांत हा प्रयोग आटोपला. खर्च झेपत नव्हता, आणि लोकांना ओळखीचे तारेच हवे होते, त्यांचे बदली कामगार नकोत.

युरोपात हे दुकान बंद होत होतं त्याच सुमारास कोल्हापुरात ते थाटलं जात होतं. १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये पहिला बोलपट काढला तो दोन भाषांत: मराठीत ‘अयोध्येचा राजा’, हिंदीत ‘अयोध्या का राजा’. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गाबाई खोटे, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. फाळक्यांनी पाट्यांतून सांगितलेली तीच हरिश्चंद्राची कथा आता दोन तोंडांनी बोलली. पुढे प्रभात पुण्याला गेली, आणि दुहेरी चित्रपटांची रीत तिथेही जोरात चालली.

झ्वाँव्हिलला जे दोन-तीन वर्षं टिकलं ते प्रभातला दशकभर कसं टिकलं? माझ्या मते कारण साधं आहे. प्रभातची माणसं पगारी होती, सेट घरचा होता, आणि मराठी रंगभूमीवरून आलेले बरेच नट हिंदी संवादही म्हणू शकत. वेगळी माणसं आणावी लागली तर थोडीच लागत. शिवाय नुसत्या मराठी मुलखाच्या जिवावर एवढ्या खर्चाचा चित्रपट काढणं अवघड, आणि मराठी सोडून देणं मनाला न पटणारं. या दोन्ही अडचणींवर दुहेरी चित्रपट हा तोडगा होता. त्यात अनुवाद दिसत नसे, कारण दोन्ही प्रती मूळच होत्या.

खरंच दोन्ही सारख्याच होत्या का? नावं बघा. १९३९ चा ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’ झाला, १९४१ चा ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’. शब्दाला शब्द. पण १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट: म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी ते लग्न मानायलाच नकार देते. मराठीत ‘कुंकू’ म्हटलं की कपाळ, सौभाग्य आणि त्याचं ओझं हे सगळं एका शब्दात येतं. हिंदी मुलखात त्या शब्दाला ते वजन नाही. मग हिंदी नावाने बाईचं कपाळ सोडलं आणि बोट जगाकडे वळवलं. हा नुसता नावाचा अनुवाद नाही, चित्रपटाकडे बघण्याची जागाच बदलली आहे.

‘शेजारी’चं उदाहरण तर मला विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडतं. एक हिंदू आणि एक मुसलमान, जिवलग शेजारी, आणि त्यांच्यात पाडलेली फूट. मराठीत हिंदू जिवबा झाले केशवराव दाते आणि मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीत जागीरदारच मिर्झा, पण हिंदू ठाकुराची भूमिका केली मझहर खान यांनी. म्हणजे हिंदी प्रतीत हिंदू नट मुसलमान झाला होता आणि मुसलमान नट हिंदू. १९४१ साली, फाळणीच्या सावलीत, ही अदलाबदल स्वतःच एक विधान होती. मराठी प्रतीत ते विधान नाही. तीच कथा, तोच दिग्दर्शक, तरी दोन प्रती दोन गोष्टी सांगतात. आम्ही अभ्यासक ‘मूळ’ आणि ‘अनुवाद’ या शब्दांवर वर्षानुवर्षं वाद घालतो. पुण्याच्या एका स्टुडिओने तो वाद असा मोडीत काढला होता.

स्टुडिओची ती व्यवस्था मोडली आणि दुहेरी चित्रपट विरळ झाले. १९७२ चा ‘पिंजरा’ शांतारामबापूंनी पुन्हा मराठी आणि हिंदीत केला, पण तो आता अपवाद होता.

आता जरा मी राहते त्या खंडाकडे वळू. तुमच्यापैकी जे युरोपात आहेत त्यांनी अनुभवलं असेल: जर्मनी, इटली, स्पेन, फ्रान्समध्ये टीव्ही लावला की हॉलिवूडचे नट अस्खलित जर्मन, इटालियन बोलतात. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्कमध्ये मात्र मूळ आवाज आणि खाली ओळ. बेल्जियम तर एकाच देशात दोन्ही: डच बोलणारा उत्तर भाग सबटायटल्सचा, फ्रेंच बोलणारा दक्षिण भाग डबिंगचा. ब्रसेल्सच्या थिएटरात पडद्याच्या तळाशी अनेकदा एक ओळ फ्रेंच आणि एक ओळ डच असते. दोन भाषांना एका घरात नांदवायचं तर प्रत्येकीला अर्धीच जागा मिळते, हे या देशाचं सगळं राजकारण त्या दोन ओळींत दिसतं.

ही वाटणी लोकांच्या आवडीने झाली असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर निर्णय आधी झाले, आवड मागून आली. डबिंग महाग असतं: नट, स्टुडिओ, ओठांशी जुळणारे संवाद. सबटायटल्सना त्याच्या मानाने किरकोळ खर्च येतो. थोडी लोकसंख्या असलेल्या देशांना डबिंग परवडलं नाही, ते सबटायटल्सवर राहिले. मोठ्या देशांना परवडलं. आणि काहींना ते हवंसं वाटण्याचं आणखी एक कारण होतं.

मुसोलिनीच्या इटलीत १९३० पासून परकी भाषा पडद्यावर ऐकू येणंच बंद केलं गेलं. सुरुवातीला तर बोलपटांतले संवाद काढून त्यांना पुन्हा मुकं केलं, वर पाट्या जोडल्या. फ्रँकोच्या स्पेनमध्ये १९४१ च्या आदेशाने डबिंग सक्तीचं झालं. राष्ट्राची भाषा जपायची हे त्याचं गोंडस रूप. पण डबिंगमध्ये मूळ आवाज पुसला जातो, आणि पुसलेल्या जागी काय भरलं हे प्रेक्षकाला कळायला मार्ग नसतो. ‘मोगॅम्बो’ या १९५३ च्या चित्रपटात एका विवाहितेचं परपुरुषाशी प्रेम आहे. स्पेनच्या सेन्सॉरला व्यभिचार चालेना, म्हणून डबिंगमध्ये नवरा-बायकोला भाऊ-बहीण केलं. आता हे भाऊ-बहीण एका खोलीत एवढ्या जवळिकीने का राहतात, हा प्रश्न प्रेक्षकांना पडला तो वेगळाच!

जर्मनीची गोष्ट आणखी बोलकी. ‘कासाब्लांका’ १९५२ साली पश्चिम जर्मनीत लागला तेव्हा त्यातले नाझी अधिकारी जवळजवळ संपूर्ण कापले होते. छळछावणीतून सुटलेला लढवय्या व्हिक्टर लास्लो तिथे व्हिक्टर लार्सन नावाचा नॉर्वेचा शास्त्रज्ञ झाला. युद्ध हरून सात वर्षं झालेल्या प्रेक्षकाला त्याचाच भूतकाळ दाखवणं वितरकांना नको होतं. नव्या डबिंगसह पूर्ण चित्रपट तिथल्या टीव्हीवर यायला १९७५ उजाडलं.

आपल्यासारख्या परदेशस्थांना एक किस्सा विशेष भावेल. बोलपटांच्या सुरुवातीला फॉक्स कंपनीने एका चित्रपटाचं जपानी डबिंग अमेरिकेतच, तिथे स्थायिक झालेल्या जपानी लोकांकडून करून घेतलं. स्वस्तात काम झालं. पण ही मंडळी होती हिरोशिमाकडची. टोकियोच्या प्रेक्षकांनी हॉलिवूडच्या नायकाला गावाकडच्या हेलात बोलताना ऐकलं आणि गंभीर प्रसंगात हशा पिकला. त्याच सुमारास, १९३१ मध्ये, ‘मोरोक्को’ हा चित्रपट जपानी सबटायटल्ससह लागला आणि चालला. जपान मोठा, श्रीमंत बाजार असूनही थिएटरात दीर्घकाळ सबटायटल्सकडे झुकला, त्याची सुरुवात तिथे आहे.

तुमच्या मनात आलं असेल, डबिंगपेक्षा सबटायटल्स प्रामाणिक. मूळ आवाज तरी शाबूत राहतो. हे खरं, पण अर्धं. सबटायटल लिहिणाऱ्याचे हात फार बांधलेले असतात. टीव्हीच्या जुन्या नियमाप्रमाणे एका ओळीत सुमारे ३७ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि त्या भरगच्च दोन ओळींना सहा सेकंद. माणसं बोलतात त्याहून हळू वाचतात. त्यामुळे काहीतरी गाळावंच लागतं. कोणतं गाळायचं, इथे सगळी मेख आहे.

मराठीतून इंग्रजीत येताना सगळ्यात आधी जातं ते नातं. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचं एकच ‘यू’ होतं. कालपर्यंत ‘अहो’ म्हणणारी बायको भांडणात ‘अरे’वर आली तर मराठी प्रेक्षक सावरून बसतो, इंग्रजी ओळ ढिम्म असते. आत्या, मावशी, काकू, मामी एकाच ‘आंटी’त कोंबल्या जातात. आणि बोली? ‘सैराट’मधली करमाळ्याकडची भाषा आणि पुण्याच्या ड्रॉइंगरूममधली भाषा इंग्रजी ओळीत अगदी सारखी दिसते. त्याच चित्रपटात आर्ची दम भरते की मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का. सबटायटल्स वाचणाऱ्या परक्या प्रेक्षकाला हा दम इंग्रजीतच मिळतो! सुरुवातीपासून सगळं इंग्रजीत वाचणाऱ्याला ही धमकी कशी काय कळावी?

चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये तर भाषा हाच विषय आहे. २०१४ साली व्हेनिसला गौरवलेल्या या चित्रपटात न्यायालयातली मराठी, हिंदी, कायद्याची इंग्रजी आणि बचावाच्या वकिलाच्या घरची गुजराती अशा चार भाषा आहेत. कोण कोणत्या भाषेत बोलतो आणि कुणाला काय कळत नाही, यावरच आरोपीचं नशीब हेलकावे खातं. इंग्रजी ओळीत हे चारही प्रवाह एक होतात. परक्या प्रेक्षकाला खटला कळतो. भाषांची उतरंड त्याला फक्त कानांनी जाणवली तर जाणवते.

मार्क नॉर्नस या अभ्यासकाने १९९९ साली एक भांडकुदळ लेख लिहिला. त्याचं म्हणणं, गुळगुळीत सबटायटल्स प्रेक्षकाची फसवणूक करतात. परकेपण लपवण्याऐवजी ते ओळीत दिसू द्या, नियम मोडा. मी विद्यार्थी असताना तो लेख वाचून भारावले होते. आता वाटतं, नियम कुणासाठी मोडायचा हे आधी ठरवावं.

पण मराठी माणसाला मराठीतून चित्रपट मिळाला का, हा प्रश्न राहिलाच. १९९४ मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीत डब होऊन आला आणि धो धो चालला. त्यानंतर हॉलिवूडचे मोठे चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगूत येणं नित्याचं झालं. मराठी त्या यादीत क्वचितच. वितरकाचं गणित सरळ: मराठी माणसाला हिंदी कळतं, मग वेगळा खर्च कशाला? गंमत म्हणजे त्या हिंदी आवाजांत मराठी माणसं भरपूर. ‘बाहुबली’त हिंदीत प्रभासचा आवाज शरद केळकरांचा, ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनचा आवाज श्रेयस तळपदेंचा. ‘बाहुबली’ मराठीत बोलला तो २०२१ मध्ये, टीव्हीवर.

‘मराठी माणसाला हिंदी कळतं’ हे वाक्य मी माझ्या आजीसमोर कधी म्हणणार नाही. ती कोल्हापूरजवळच्या एका गावात राहते, वय शहाऐंशी, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मागच्या दिवाळीत संशोधनाच्या निमित्ताने मी तिच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड केल्या. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा, त्यात हिंदी चित्रपट असायचे. तुला कळायचे का, मी विचारलं. ती म्हणाली, “मला हिंदी कुठलं कळतंय? तुझं आजोबा कानात सांगायचं. निम्मा सिनेमा त्यांनीच सांगितला. एकदा भांडण झालं हुतं, तर गप बसून ऱ्हायलं. त्या दिवशी काईच कळलं न्हाई.”

१९१३ सालचा तो पाट्या वाचून दाखवणारा माणूस माझ्या घरातच होता, हे मला तेव्हा कळलं.

आता माझ्या मुलाच्या त्या वाक्याकडे येते: ‘आपोआप वाचलं जात होतं.’ त्याचं बरोबर होतं. इथून जवळच्या लूव्हेन विद्यापीठात झेरी दीदेवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून बरेच प्रयोग केले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, पडद्यावर ओळ आली की वाचणाऱ्याची नजर तिच्याकडे जातेच. संवाद स्वतःच्या भाषेत असले तरी जाते. सबटायटल्सची अजिबात सवय नसलेल्या अमेरिकन प्रेक्षकांचीही गेली. वाचता येणाऱ्याला न वाचणं जमत नाही.

म्हणजे बघा, आपण मुलांना मराठी कानावर पडावं म्हणून मराठी चित्रपट दाखवतो, आणि त्याच दोन तासांत त्यांचे डोळे इंग्रजी वाचनाचा सराव करतात. मराठी त्यांच्यासाठी पार्श्वसंगीत होतं. दोष त्यांचा नाही. ओळ समोर आहे, ती वाचली जाणार.

पण हीच गोष्ट उलटी फिरवता येते, आणि ती फिरवली ती परदेशात शिकणाऱ्या एका भारतीयानेच. ब्रिज कोठारी १९९६ च्या सुमारास अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होते. स्पॅनिश शिकत होते. मित्रांबरोबर अल्मोदोवारचा एक स्पॅनिश चित्रपट बघताना त्यांना वाटलं, खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच ओळी असत्या तर ऐकलेलं नीट पकडता आलं असतं. त्यातून पुढचा विचार आला: हिंदी गाण्यांखाली हिंदीच शब्द दिले तर? आपल्याकडे कोट्यवधी माणसं कागदोपत्री साक्षर, पण सलग वाचताना अडखळणारी. गाणी मात्र सगळ्यांना पाठ. पाठ असलेला शब्द कानावर पडतो त्याच क्षणी तो रंग बदलत डोळ्यांसमोर आला, तर अक्षर ओळखायला कष्ट पडत नाहीत, अंदाज बांधता येतो.

अहमदाबादच्या आयआयएममधून त्यांनी हे काम उभं केलं. १९९९ मध्ये गुजरातीतल्या गाण्यांच्या कार्यक्रमापासून सुरुवात झाली, आणि पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’त गाण्यांखाली शब्द आले. तुमच्यापैकी कित्येकांनी ते पाहिले असतील आणि ‘गाणं म्हणायला सोय केलीय’ एवढंच समजला असाल. ती साक्षरतेची शाळा होती. कुणालाही न जुमानता नजर ओळीकडे जाते, या सवयीलाच तिने कामाला लावलं.

आपल्या मुलांची स्थिती त्या प्रेक्षकांसारखीच आहे. कान तयार आहेत, डोळे नाहीत. त्यांना मराठी चित्रपटाखाली मराठी ओळ हवी आहे. नेमकी तीच मिळत नाही. ओटीटीवर मराठी चित्रपट उघडा, इंग्रजी सबटायटल्स बहुधा असतात, मराठी शोधावी लागतात. कारण ओळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचा प्रेक्षक एकच: ज्याला मराठी येत नाही तो. ज्याला मराठी ऐकून कळतं पण वाचता येत नाही, असा माणूस आहे हे कुणाच्या गावी नाही. ऐकू कमी येणाऱ्या आजी-आजोबांनाही ही ओळ उपयोगाची, पण त्यांचीही आठवण नाही. आपली मंडळं चित्रपट लावतात, नाट्यप्रयोगांची चित्रणं दाखवतात, निर्मात्यांशी बोलतात. तिथे एवढं विचारता येईल: मराठी ओळी आहेत का? पुरेशा लोकांनी विचारलं की सोय होते. डबिंगचे आणि सबटायटल्सचे देश असेच घडले. आधी कुणीतरी ठरवलं, मग सवय लागली.

तोवर घरच्या घरी काय करता येईल, म्हणून मी आजीचं ते रेकॉर्डिंग घेतलं आणि त्यातल्या सात मिनिटांना मराठी सबटायटल्स लावायला बसले. फुकट मिळणारी साधनं आहेत, तासाभरात शिकता येतात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सबटायटल्समधल्या चुका काढणारी मी पहिल्याच मिनिटाला अडले. आजी म्हणते ‘न्हाई’. लिहू काय? ‘नाही’ लिहिलं तर मुलगा पुस्तकातलं मराठी शिकेल आणि आजीचा आवाज मी स्वतःच पुसलेला असेल. ‘न्हाई’ लिहिलं तर उद्या शुद्धलेखनाच्या पाटीत त्याचा गोंधळ. शेवटी ‘न्हाई’च लिहिलं. ‘हुतं’ लिहिलं. ‘ऱ्हायलं’ लिहिलं. सहा सेकंदांचा नियम मोडून एकेका ओळीला दहा-दहा सेकंद दिले. नॉर्नसचा लेख वाचून जे धाडस आलं नव्हतं ते आजीमुळे आलं.

रविवारी मुलाला समोर बसवलं. पणजी दिसताच तो हसला. पहिली ओळ आली. या वेळी नजर आपोआप पळाली नाही, बोट पडद्याला लावून तो एकेक अक्षर सोडवत होता. आजीचं वाक्य संपून दुसरं सुरू झालं तरी हा पहिल्याच ओळीत. ‘न्हाई’पाशी थांबला, जोडाक्षर दोनदा जुळवून पाहिलं आणि म्हणाला, “हे चुकलंय का?”

“पणजी कशी म्हणते ते ऐक,” मी म्हटलं.

तोवर ओळ निघून गेली होती. दहा सेकंदही पुरले नव्हते. तो म्हणाला, “आई, मागे घे.”

मी मागे घेतलं.